चिलेक्वाची हजेरी

चौथीच्या वर्गातली चिलेक्वा जेरेबाईंना "पोरी" म्हणायची. सगळी पंचाईत इथूनच सुरू झाली.

बाई वर्गात आल्या की पस्तीस मुलं धडपडत उभी राहत आणि एका सुरात नमस्कार करत. चिलेक्वा तेवढी बसून राही. नऊ वर्षांची काटकुळी मुलगी. गणवेशावरून कमरेला बायका नेसतात तसं छापील सुती चितेंगे गुंडाळलेलं आणि मनगटात काळपटलेला दोरा. त्या वयाच्या मुलीच्या गुडघ्यांवर एक तरी खरचटल्याची खूण असावी, तर तीही नाही. ती शांतपणे वर बघे आणि म्हणे, "आलीस का, पोरी? झोप झाली ना नीट?"

बाईंना तिच्या आगाऊपणाचा राग येई, पण त्याहून जास्त त्रास व्हायचा तो वर्गाचा. कुणी हसायचं नाही. चौथीची मुलं, बाईंच्या खुर्चीवर पाल पडली तरी आठवडाभर खिदळणारी, आणि याला हसत नव्हती.

बाकीच्या तक्रारीही होत्याच. मुलं भांडली की चिलेक्वा उठून एकेकाला चापट मारी. सातवीतले मिसरूड फुटलेले दांडगे मुलगेसुद्धा मान खाली घालून ती चापट खात. आणि या सत्रापासून रोज दहा वाजले की ती वही मिटे, चितेंगे झटके आणि कुणालाही न विचारता घरी चालू लागे. या शेवटच्या गोष्टीनं तर घातच होणार होता. शाळेत हजेरी दोनदा घेत, सकाळी आणि अकराला. अकराला नसलेलं मूल गैरहजर. एका सत्रात तीस गैरहजेऱ्या झाल्या की नाव कमी. ऑक्टोबर संपता संपता चिलेक्वाच्या अठरा झाल्या होत्या. नाव कमी झालेली मुलगी पुन्हा शाळेत आलेली जेरेबाईंनी चार वर्षांत पाहिली नव्हती. अशा मुली त्यांना भेटत त्या पाण्याच्या पंपावर, पाठीला मूल बांधलेल्या.

आणि ही तर वर्गातली सगळ्यात हुशार. लांब शब्दांना न अडखळता पानभर वाचून दाखवणारी ती एकटीच होती. बाईंनी ठरवलं, हिचं नाव कमी होऊ द्यायचं नाही.

जेरेबाई मूळच्या देशाच्या पूर्वेकडच्या, चिपाटाच्या, न्गोनी जमातीतल्या. सरकारनं बदली करून त्यांना इकडे उत्तरेत, कासामाच्या पलीकडे, बेम्बा लोकांत आणून टाकलं होतं. नवरा नाही, मूल नाही, शाळेमागच्या दोन खोल्यांत एकटीचा संसार. गेल्या वर्षी आई गेली, तर बस बदलत बदलत घरी पोचेपर्यंत दोन दिवस उलटले होते आणि माती होऊन गेली होती. त्यानंतर बाईंनी कॉलेजच्या पत्राद्वारे चालणाऱ्या पदविकेला नाव घातलं. रिकाम्या दुपारी खायला उठतात म्हणून. पदविकेची सहावी पुस्तिका होती "व्यक्तिमत्त्वाचे सिद्धांत आणि शाळेतील वर्तन-समस्या", आणि तिच्यासाठी एका मुलाचा अभ्यास करून अहवाल लिहायचा होता. बाईंना वाटलं, बरं झालं. पुस्तिका शिकलेल्या माणसांनी लिहिलीय, त्यांना ठाऊकच असणार.

पुस्तिकेतल्या पहिल्या सिद्धांताप्रमाणे माणसाच्या मनात तिघं राहतात. एक हट्टी मूल, एक दटावणारा म्हातारा आणि दोघांच्या भांडणात सापडलेला बिचारा संसारी माणूस. मुलाला चित्र काढायला सांगा, आत कोण माजलंय ते कळेल, असं पुस्तिकेत होतं. बाईंनी सगळ्यांना घरच्या माणसांचं चित्र काढायला लावलं. चिलेक्वानं एक मोठी खुर्ची काढली आणि खुर्चीवर स्वतःला. पायाशी एक बाई, मुठीएवढी. बाजूला एक पुरुष, तोही मुठीएवढा.

"ही कोण गं छोटी?" बाईंनी विचारलं.

"माझी मुलगी."

बाईंनी अहवालात लिहिलं, "दटावणारा म्हातारा अतिप्रबळ." पुढे काय करायचं ते पुस्तिकेत नव्हतं.

दुसरा सिद्धांत वयाचा होता. प्रत्येक वयाला एक कोडं सोडवायचं असतं, आणि नऊ वर्षांच्या मुलाचं कोडं म्हणजे, मला काही जमतं का? जमत नाही असं वाटलं की मूल बिथरतं. म्हणून तिच्यावर काहीतरी सोपवा. बाईंनी चिलेक्वाला वर्गप्रमुख केलं. त्या दिवशी वर्ग इतका गप्प होता, की हेडमास्तर कापासा खिडकीतून डोकावून गेले, आज चौथीला सुट्टी दिलीय की काय म्हणून. दहा वाजता चिलेक्वानं डस्टर बाईंच्या हातात दिलं. "आता तू सांभाळ," असं म्हणून ती निघून गेली.

तिसरा सिद्धांत बक्षिसाचा. मूल चांगलं वागलं की लगेच काहीतरी द्या, म्हणजे ते पुन्हा तसंच वागेल. बाईंनी टेबलावर बिस्किटांचा पुडा ठेवला आणि जाहीर केलं की जो अकराच्या हजेरीपर्यंत जागचा हलणार नाही त्याला पुडा. दहाला चिलेक्वा उठली. पुडा उचलून तिनं तो फोडला, एकेका बिस्किटाचे दोन तुकडे करून पुरतील तितक्या मुलांना वाटले, राहिलेल्यांना चुऱ्याची चिमूट दिली. शेवटचा अर्धा तुकडा बाईंच्या तळहातावर ठेवला. स्वतःला काहीच ठेवलं नाही. ती गेल्यावर जेरेबाई फळ्यासमोर अर्धं बिस्कीट हातात घेऊन उभ्या होत्या.

एकदाच, फक्त एकदा, त्यांना ती वेगळी दिसली. सकाळी शाळा भरायच्या आधी बाई सरपणाच्या खोलीमागे गेल्या होत्या, तर तिथे चिलेक्वा एकटी उकिडवी बसून खडे खेळत होती. जमिनीत छोटा खळगा, त्यात दहा-बारा खडे. एक वर उडवायचा आणि तो खाली यायच्या आत बाकीचे ओढून घ्यायचे. जीभ दातांत धरली होती. बाईंची सावली पडताच तिनं खड्यांवर पाय ठेवला, उभी राहिली आणि पाठ ताठ केली.

"काय शोधतेयस, पोरी?" तिनं विचारलं.

बाईंनी नंतर ते खडे गोळा करून टेबलाच्या खणात ठेवले आणि दुसऱ्या दिवशी हळूच तिच्यापुढे धरले. चिलेक्वानं त्यांच्याकडे बघितलंही नाही. "लहान मुलींना दे," म्हणाली.

अखेर बाईंनी लोंबे मास्तरांना विचारलं. लोंबे मास्तर तिसरीला शिकवत, गावातलेच, तोंडाळ पण मनाचे मोकळे. न्गोनी आणि बेम्बा पूर्वी एकमेकांशी लढले. त्याची भरपाई म्हणून आता एकमेकांना उंदीरखाऊ, माकडखाऊ म्हणत टिंगल करायचा दोघांना जन्मभराचा परवाना आहे, आणि ऐकणाऱ्यानं रागवायचं नाही असा दंडक आहे. लोंबे मास्तर तो परवाना पुरेपूर वापरत.

"या जेवायला, जेरेबाई. आज उंदीर नाहीत हो, गरिबाघरचे साधे मासे आहेत."

"का? रानातली माकडं संपवलीत वाटतं सगळी?" बाई सवयीनं म्हणाल्या आणि लगेच विषयावर आल्या. "मास्तर, चिलेक्वाला झालंय तरी काय?"

"कोण चिलेक्वा?"

"कोण म्हणजे? खुर्ची काढणारी. दहाला उठून जाणारी."

"अच्छा, कातोंगो आजी!" मास्तर म्हणाले. "चिलेक्वा म्हणता होय तुम्ही तिला? तसं हजेरीपटात असेल म्हणा."

मग मास्तरांनी नशिमेचा, पिठाच्या घट्ट उकडीचा, घास माशाच्या रश्शात बुडवत सांगितलं. कातोंगो म्हातारी गेली तीन वर्षांपूर्वी. गेलेल्या माणसाचं नाव कुणीतरी घ्यावं लागतं, नाहीतर ते माणूस दारोदार भटकतं. वर्ष सरल्यावर सगळे बसले, नातीला मधे बसवली, पाणी पाजलं, मनगटात दोरा बांधला. झालं. त्या दिवसापासून पोरगी म्हणजे कातोंगो. तिची आई तिची मुलगी, तिचा मामा तिचा मुलगा. "मी पण लांबून नातू लागतो तिचा. परवा मला म्हणाली, दाढी कर, अवदसा दिसतोस. केली."

"अहो, पण सात वर्षांची होती ती तेव्हा!"

"म्हणूनच तर. लहान असलं की नाव पुष्कळ वर्षं टिकतं."

"आणि हे मला कुणी सांगितलं का नाही?"

मास्तरांनी खरोखरच आश्चर्यानं त्यांच्याकडे बघितलं. "सांगायचं काय त्यात? सगळ्यांना माहीत आहे."

कातोंगो म्हातारीचं मरण बाईंना आठवत होतं. चांगलंच आठवत होतं, कारण त्या वेळी गाव नवं होतं आणि त्या दिवशी गावानं त्यांना आपलं म्हटलं होतं. टिंगलीच्या नात्यातल्या माणसानं मयताच्या घरीही टिंगल करायची असते, रडणाऱ्यांना हसवायचं असतं. ते जेरेबाईंनी केलं होतं. चटईवर म्हातारीच्या जागी आडव्या होऊन त्या घोरल्या होत्या, मग उठून ओरडल्या होत्या, "माकडखाऊंनो, मला न जेवू घालता पाठवताय होय वर?" रडणाऱ्या बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर कोसळल्या होत्या. त्यात म्हातारीची मुलगी, चिलेक्वाची आईही होती.

दुसऱ्या दिवशी दहाला चिलेक्वा निघाली तेव्हा जेरेबाईंनी वर्ग लोंबे मास्तरांच्या गळ्यात घातला आणि तिच्या मागोमाग गेल्या.

घर लांब नव्हतं. आई दाराच्या उंबऱ्यावर बसली होती. अंगणात केर तसाच, चूल गार. चितेंगे अंगावर असं लटकत होतं, की आत माणूस आहे की काठी, असं वाटावं. चिलेक्वानं आधी केर काढला. मग चूल पेटवली, कसाव्याच्या पिठाची नशिमा हलवली, हात धुतले, आईचे हात धुतले. घास केला.

"तोंड उघड."

"नको, आई."

"उघड म्हणते ना. कालही निम्मंच खाल्लंस."

आईनं तोंड उघडलं. आंब्याच्या झाडाआड उभ्या राहून जेरेबाईंनी सगळे घास मोजले. एकवीस. ताट संपल्यावर आई कलंडली आणि तिनं मुलीच्या मांडीवर डोकं ठेवलं. मांडी एवढीशी, की डोकं सारखं घसरत होतं आणि चिलेक्वा ते पुन्हा पुन्हा वर ओढून घेत होती.

"आई, तू जाऊ नकोस हं आता परत," आई म्हणाली.

"नाही जात. रड हवं तर."

जेरेबाई आल्या पावली परत फिरल्या. मनात कितीतरी होतं बोलायचं, पण कुणाशी बोलणार? मुलगी वाईट वागत नव्हती, वेडी नव्हती, बिथरलेली नव्हती. तिला एक काम दिलं होतं आणि ती ते मन लावून करत होती. पुस्तिकेत चौथा सिद्धांत होता, तो बाईंनी वाचलाच नाही.

अहवाल मात्र त्यांनी लिहिला, पुस्तिकेला बाजूला ठेवून, जे पाहिलं ते सगळं. आणि तो कॉलेजला पाठवायच्या आधी कापासा हेडमास्तरांपुढे ठेवला. गैरहजेऱ्या सव्वीस झाल्या होत्या.

कापासा सरांनी चष्मा लावून सगळा वाचला. वाचून झाल्यावर चष्मा काढून पुसला.

"छान लिहिलंय," ते म्हणाले. "पण मी काय करू?"

"अकराची हजेरी तिच्यापुरती दहाच्या आत घेऊ."

"तपासणीला साहेब येतात, बाई. हजेरीपट बघतात. मग माझं काय?"

"मग तिला बोलावून दम द्या. आईला शेजारणीनं जेवू घालावं म्हणून घरी सांगा."

सर ओशाळले. "मला कसं जमेल? आमचं कुळ एक. ती मला आजी लागते. आजीला दम देऊ? हेडमास्तर म्हणून तिचं नाव मी कमी करू शकतो, तेवढं माझ्या हातात आहे. नातू म्हणून तिला जागेवर बसवू शकत नाही." मग त्यांना काहीतरी सुचलं. "एक होऊ शकतं. कातोंगोची धाकटी बहीण आहे, म्पोरोकोसोला असते. पोक्त बाई आहे. मामानं, मुबांगानं मनावर घेतलं, तर तिला आणून पुन्हा पाणी पाजता येईल, नाव तिच्याकडे जाईल. पोरगी मोकळी. पण हे बोलणार कोण? आमच्यापैकी कुणी बोललं तर भांडण होईल. तुम्ही न्गोनी. तुम्ही काहीही बोललात तरी आम्हाला राग येत नाही."

हे ऐकून जेरेबाईंना हायसं वाटलं. चार वर्षांची चेष्टामस्करी अशी कामी येईल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

रविवारी प्रार्थना आटोपून त्या मुबांगाच्या अंगणात गेल्या. बरीच मंडळी जमली होती. मसुकूची फळं पिकायला लागली होती, टोपलीभर मधे ठेवलेली. एका खुर्चीवर चिलेक्वा, पाय जमिनीला टेकत नव्हते. बाकी सगळे चटयांवर, मुबांगाही. आई भिंतीला टेकून बसली होती.

"आली रे आली, उंदीरखाऊ आली!" मुबांगा ओरडला. "बिळं बुजवा!"

आणि जेरेबाई चुकल्या. गप्प राहायला हवं होतं, गुडघे टेकून सावकाश नमस्कार करायला हवा होता. पण जिभेला चार वर्षांचं वळण. "माझ्या वाटचं माकड ठेवलंत ना? शेपटीकडचं नको हं!" त्या म्हणून गेल्या आणि अंगण खदखदून हसलं.

हसणं ओसरल्यावर बाई म्हणाल्या, "मुबांगा, मी एक मागायला आलेय. तुमची आई मला द्या."

"घ्या की! कोंबड्या किती देणार तिच्या बदल्यात?"

"थट्टा नाही. तिला शाळेत बसू द्या. हिला नऊ वर्षं झालीत. नाव म्पोरोकोसोच्या मावशीला द्या."

"ऐकलंत का?" मुबांगानं मांडीवर थाप मारली. "न्गोनींनी आमची गुरं नेली, आता आई पण न्यायला आलेत!"

पुन्हा हशा. बाईंनी हात जोडले, तर एक म्हातारी म्हणाली, "बघा, बघा, पाद्रीबाबांची नक्कल करते." बाई जमिनीवर बसल्या, म्हणाल्या, मी शपथेवर सांगते, मला खरंच वाटतंय, या मुलीचा जन्म वाया जाईल. त्यांचा आवाज फुटला आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. बायकांची हसून मुरकुंडी वळली. "म्हातारीच्या मयताला पण अशीच रडली होती, आठवतं? घोरत घोरत!" बाई जितक्या पोटतिडकीनं बोलत होत्या, तितकं अंगण हसत होतं. न्गोनी बाई बेम्बांच्या अंगणात येऊन त्यांची आई मागते, हे थट्टा नाही असं मानायला कुणाच्या डोक्यात जागाच नव्हती.

भिंतीला टेकलेली आईही हसली. आधी तोंडावर हात धरून, मग मोकळी, डोळे पुसत.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. मुबांगा हळूच म्हणाला, "तीन वर्षांत पहिल्यांदा."

चिलेक्वा खुर्चीवरून उतरली. आईजवळ जाऊन तिनं तिच्या गालांवर दोन्ही हात ठेवले, नीट बघितलं. मग जेरेबाईंकडे वळली. नऊ वर्षांच्या त्या चेहऱ्यावर एवढी कृतज्ञता होती, की बाईंना मान खाली घालावी लागली.

"मुबांगा," ती म्हणाली, "या पोरीला कोंबडी दे. चांगली दे, ती तपकिरी."

जेरेबाई तपकिरी कोंबडी काखेत घेऊन घरी परतल्या. वाटेत भेटणारा प्रत्येक जण हसून विचारत होता, कुठून मारलीत?

नंतरच्या तीन दिवसांत तीन गैरहजेऱ्या झाल्या. एकोणतीस. चौथ्या दिवशी दहाला पाच मिनिटं असताना बाईंनी वर्गाचं दार लावलं, कडी घातली आणि दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. आजचा दिवस टळला तर उद्या काहीतरी सुचेल, एवढाच त्यांचा विचार होता. त्याला विचार म्हणायचं असेल तर.

चिलेक्वानं वही मिटली, चितेंगे झटकलं आणि दारापाशी आली.

"उघड, पोरी."

"नाही उघडणार. अकरापर्यंत बस. फक्त आजचा दिवस."

"ती उपाशी आहे."

"एक दिवस उशिरा जेवेल."

"माझ्याशिवाय नाही जेवत ती," चिलेक्वा म्हणाली. ओरडली नाही, दार ढकललं नाही. नुसती उभी राहिली. पस्तीस मुलं बघत होती. दहा वाजून पाच मिनिटं झाली, दहा झाली. बाईंनी चिलेक्वाच्या खांद्यांना धरलं आणि म्हणाल्या, "तू लहान आहेस! तुला कुणी सांगत का नाही, तू लहान आहेस!" आणि ते बोलताना त्यांचं त्यांनाच आवरेना. कॉलेजची पुस्तिका, हसणारं अंगण, चिपाटाला जाणारी ती बस आणि दोन दिवस उशिरा बघितलेला मातीचा ढीग, सगळं एकदम वर आलं. जेरेबाई वर्गासमोर, दाराला टेकून, लहान मुलासारख्या हुंदके देऊन रडायला लागल्या.

चिलेक्वानं चितेंग्याचं टोक हातात घेतलं आणि टाचा उंचावून त्यांचे डोळे पुसले.

"तुझी आई गेल्या वर्षी गेली ना?"

बाईंनी मान हलवली.

"घरी स्वयंपाक करतेस की नुसता चहा पितेस?"

"चहा."

"आज सकाळी काही खाल्लंस?"

"नाही, आई," जेरेबाई म्हणाल्या.

शब्द तोंडातून गेला आणि मग त्यांना ऐकू आला. वर्गात कुणी हसलं नाही. चिलेक्वानं त्यांचा हात धरून त्यांना बाजूला केलं, उडी मारून कडी काढली, कारण कडी तिच्या हाताला पुरत नव्हती, आणि ती गेली. बाईंनी तिला अडवलं नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यांना बरं वाटत होतं, वर्षभरात वाटलं नव्हतं इतकं बरं. ते त्यांनी स्वतःला कधीच माफ केलं नाही.

अकराची हजेरी झाली. तीस. कापासा सरांनी संध्याकाळी लाल शाईनं चिलेक्वा या नावावर रेघ मारली. मारताना पुटपुटले, आजी, माफ कर.

अहवाल कॉलेजला गेला तो तसाच. "उपाययोजना" या शेवटच्या मथळ्याखालचं पान बाईंनी कोरं सोडलं होतं. तो परत आला तेव्हा कोऱ्या पानावर कुणीतरी शेरा मारला होता, "निरीक्षण उत्तम. सिद्धांतांचा वापर अपुरा."

आता रोज दहा वाजून वीस-पंचवीस मिनिटांनी चौथीच्या खिडकीत एक झाकलेली ताटली येते. आधी आईला भरवून मग इकडे यायचं, असा तिचा क्रम आहे. ताटलीत नशिमा असते, शेंगदाण्याच्या कुटातला पाला असतो, कधी सुके मासे. पहिल्या दिवशी बाई नको म्हणाल्या होत्या. दुसऱ्या दिवशीही म्हणून बघितलं. मुलांना बेरजा घालून त्या खिडकीपाशी येतात आणि उभ्यानंच खातात. चिलेक्वा बाहेर थांबते. पटांगणात लहान वर्गांतल्या मुली खडे खेळत असतात, तिकडे ती बघते. एक खडा वर जातो, तिची नजर त्याच्याबरोबर वर जाते, खाली येते.

"सगळं संपव हं, पोरी," ती म्हणते.

जेरेबाई सगळं संपवतात.